दरवाजा फुगला नव्हता

खंडू, दरवाजा फुगला नव्हता.

पंचवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की दमट हवेने प्लायवुड फुगलं, कडी अडकली, मी जोर लावला पण उघडेना. डॉक्टरांना हेच सांगितलं. तुझ्या आईला, म्हणजे जिजींना, हेच सांगितलं. लग्नानंतर बायकोने तुझ्या डोळ्याबद्दल विचारलं, तर तिलाही हेच. खरं असं की त्या दुपारी मी स्वतः बिजागऱ्यांना मेणबत्ती घासली होती आणि दरवाजा एका बोटाने उघडत होता. कडी माझ्या मुठीत होती. मी ती उघडली नाही.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, खाली शिक्षण, वर्कशॉप, मंडळातली पदं, सगळं रीतसर. त्यात एक ओळ होती, 'लहानपणी नाटकातल्या अपघातात डावा डोळा गमावूनही'. अपघात हा शब्द माझा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तो मीच पहिल्यांदा वापरला होता.

आपली ओळख मारामारीतून झाली. लष्कर या आपल्या शहराच्या जुन्या भागात मराठी माणसं मूठभर, पण गणपती दोन. खासगी बाजारात आमचा, म्हणजे कधीकाळी दरबारात लेखणी चालवणाऱ्यांचा. टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत तुमचा, फौजेत तलवार चालवणाऱ्यांचा. आता दोघांच्याही घरात ना ती लेखणी उरली होती ना तलवार, सगळ्यांचे बाप कुठल्या ना कुठल्या ऑफिसात होते, तरी विसर्जनाला पाण्यात आधी कोण उतरणार यावरून दरवर्षी डोकी फुटायची. त्या वर्षी माझा चुलतभाऊ नंदूदादा तुमच्या गणपतीपुढे आडवा झाला, आणि तू, जेमतेम चौदा वर्षांचा, तालमीतली भरीव काठी त्याच्या डाव्या मनगटावर घातलीस. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला. मी दोन हातांवर आरतीचं तबक धरून उभा होतो. कातडी फाडून बाहेर आलेलं हाड मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते पांढरं नसतं, गुलाबीसर असतं. नंदूदादा ओरडला नाही, नुसता तुझ्याकडे बघत राहिला. मग आमच्या पोरांनी तुला घाटाच्या पायऱ्यांवर पाडलं आणि तुझ्या नाकातोंडातून रक्त येईपर्यंत तुडवलं. तबक खाली ठेवून मीही एक लाथ मारली होती. ती तुझ्या पाठीत बसली. हेही तुला माहीत नव्हतं.

पुढच्या जुलैत तू एक वर्ष मागे पडून माझ्या वर्गात आलास आणि नेमका माझ्याच बाकावर बसलास. मला वाटलं आता हा हिशेब चुकता करणार. तू वही उघडलीस आणि खाली बघत विचारलंस, त्याचा हात नीट झाला का रे? मी म्हटलं, दोन बोटं वळत नाहीत.

महिन्याभरात तू रविवारी सकाळी आमच्याकडे यायला लागलास. तुमच्याकडे केबल नव्हती आणि ते जपानी कार्टून तुला बघायचंच होतं. अॅनिमे हा शब्द मला माझ्या मुलीने, ओवीने, अलीकडे शिकवला. आपण कार्टूनच म्हणायचो. नंदूदादा खालच्याच मजल्यावर राहायचा, म्हणून तू चपला हातात घेऊन मागच्या जिन्याने चढायचास. बर्फाच्या जंगलात काचेचा किल्ला, आत चांदनी नावाची मुलगी आणि तिची माणसं, बाहेर चेटकीण. चेटकिणीचा सेनापती कालपंख, त्याला एका हाताच्या जागी कावळ्याचा पंख. तो गावात शिरून मुलांचं हसू बरण्यांत भरून न्यायचा, आणि हसू गेलेली मुलं उभ्या उभ्या बर्फ व्हायची. एका भागात त्याने अख्खं गाव गोठवलं आणि त्याच्या शिपायांनी ती बर्फाची माणसं गदांनी फोडली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, परीकथा म्हणे, यात तर नुसती कापाकापी. मग कळलं की चेटकिणीने कालपंखच्या धाकट्या भावाचं पाखरू करून पिंजऱ्यात ठेवलंय आणि तो हे सगळं त्याच्या जिवासाठी करतोय. एका रविवारी तिने त्याच्या डोळ्यांदेखत त्या पाखराची मान पिरगाळली. तू तेव्हा उठून गॅलरीत गेलास.

त्याच्या पुढच्या भागात तो एकटा बर्फ तुडवत किल्ल्याशी आला. मागून चेटकिणीचे शिपाई धावत येत होते. त्याने तलवार बाहेर टाकली आणि दारावर थाप मारली. 'दरवाज़ा खोलो. मैं लड़ने नहीं आया.' आत पहारेकऱ्याचा हात कडीकडे गेला आणि आपल्याकडची लाइट गेली. ती आली तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती. पुढच्या रविवारी केबलवाल्याने ते चॅनेलच काढून टाकलेलं.

त्या अंधारलेल्या टीव्हीसमोर आपला वाद सुरू झाला, तो तुझ्या शेवटच्या महिन्यापर्यंत चालला.

"उघडलाच असणार," तू म्हणालास.

"कसा उघडतील? अख्खं गाव मारलंय त्याने."

"तलवार टाकली ना बाहेर. अजून काय करायचं, मान कापून द्यायची?"

"भाऊ मेला म्हणून आला. नाहीतर थोडीच आला असता."

"का आला ते सोड ना, पंत. आला की नाही?"

पंत हे तू मला ठेवलेलं नाव, आमच्या लेखणीवाल्या घराण्याला मारलेला टोमणा. त्या दिवशी मात्र त्यात टोमणा नव्हता. मग तू हळूच म्हणालास की तुला नंदूदादासमोर जाऊन माफी मागायची आहे. माझी सोबत हवी होती, बोलायचं तूच होतास. मी म्हटलं, बघतो. खाली एक जिना उतरला की त्याचं दार होतं. मी बघितलं नाही.

त्या वर्षी आपल्या राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते. बाबा सरकारी नोकर, रोज घरी येऊन तेच बोलायचे, कोणाचं नाव इकडच्या यादीत, कोणाचं रायपूरच्या नव्या राज्याच्या. त्याच सुमारास मागच्या मारामारीच्या पोलिस केसला कंटाळून दोन्ही मंडळांच्या थोरांनी ठरवलं की आता एकच गणपती बसवायचा. ते त्याला विलय म्हणत. रियासत भारतात विलीन झालेली पाहिलेले एकदोन म्हातारे त्यांच्यात होते, आणि त्यातले एक प्रत्येक बैठकीत म्हणायचे की तेव्हासुद्धा एवढी भांडणं नव्हती झाली. एकी दिसावी म्हणून तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्हीकडच्या पोरांनी मिळून नाटक करायचं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी आपलं कार्टून लिहिलं. शेवट माहीत नव्हता. तू माझ्या शेजारी बसून म्हणालास, लिही, दरवाजा उघडतो. मी लिहिलं.

कालपंख कोणी व्हायचं हे आमच्या एका काकांनी एका वाक्यात ठरवलं, तो खंडू आहेच तसा. तू हसलास. मला म्हणालास, तुझ्या बाबांना सरकार विचारत नाही कुठल्या बाजूला टाकायचं, मी तर आपल्या पायांनी येतोय, तरी रोल हाच. चेटकिणीचे तीन शिपाई आमच्यातले, त्यांचा मोठा नंदूदादा. पहारेकरी मी. तुमच्या तालमीच्या वस्तादांनी खोट्या मारामारीसाठी पोकळ बांबूच्या, कापड गुंडाळलेल्या काठ्या दिल्या आणि तालमीचा नियम सांगितला. समोरच्याने काठी जमिनीवर आडवी ठेवली की त्याच्यावर हात उचलायचा नाही. मग तो कोणीही असो, त्याने आधी काहीही केलेलं असो. तुला ते इतकं आवडलं की नाटकातली तलवार काढून तू काठीच घेतलीस. नाटकाच्या तालमीत तीन दिवस तू ती आडवी ठेवण्याचा सराव करत होतास, घाई न करता, दोन्ही हातांनी.

नाटकाच्या दिवशी पाच वाजता नंदूदादाने मला मांडवामागे बोलावलं. कनातीखाली तीन भरीव काठ्या ठेवल्या होत्या, तेल पाजलेल्या.

"दरवाजा खोलना नहीं है आज," तो म्हणाला. "दोन मिनिटं. बस. मग उघड."

मी विचारलं, किती मारणार?

त्याने डावा हात माझ्यासमोर धरला. दोन बोटं सरळच राहत होती. "इतकं," म्हणाला.

मी घाबरलो होतो हे खरं, पण तेवढंच असतं तर मी हे केव्हाच बोललो असतो. तुला सांगायला माझ्याकडे तीन तास होते. तुझ्या तोंडाला काजळ फासत होते तेव्हा मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होतो. तू विचारलंस, दरवाजा चिकटत नाही ना? मी म्हटलं, नाही. मला बघायचं होतं, खंडू. दार उघडलं नाही तर काय होतं ते मला बघायचं होतं. आणि आपल्या वादात एकदा मी बरोबर ठरणार होतो.

दाराला कपाटाच्या जुन्या फळ्या आणि प्लायवुड, वर चंदेरी कागद. मध्ये बोटभर फट होती. त्या फटीतून मी सगळं पाहिलं. तू आलास, पाठीवर कावळ्याची काळी पिसं. दोन्ही हातांनी काठी जमिनीवर आडवी ठेवलीस. दारावर थाप मारून म्हणालास, मैं लड़ने नहीं आया. मागून ते तिघे आले. पहिली काठी खांद्यावर बसली तेव्हा तू चमकून मागे पाहिलंस, कारण पोकळ बांबू असा लागत नाही. दुसरी बरगडीत. तू गुडघ्यावर आलास. लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेतलं कोणीतरी म्हणालं, काय काम करतो पोरगा. तू दाराला टेकलास, इतका जवळ की तुझा श्वास फटीतून माझ्या हनुवटीवर येत होता. तेव्हा तू नाटकात नसलेलं वाक्य बोललास.

"श्री, उघड."

कधी नव्हे ते तू मला माझ्या नावाने हाक मारलीस. मी कडी दोन्ही हातांनी धरली. तू उठून शिपायांकडे तोंड केलंस, हात मोकळे, खाली सोडलेले. तालमीत वाढलेला तू, त्या तिघांना लोळवणं तुला अवघड नव्हतं. पण काठी तू आडवी ठेवली होतीस, आणि ती ठेवल्यावर उचलायची नसते, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग तू पाळत होतास. नंदूदादाने उजव्या हाताने वार केला. काठीचं टोक तुझ्या डोळ्यात गेलं. ओला आवाज झाला. चंदेरी कागदावर रक्त उडालं आणि एक थेंब फटीतून आत, माझ्या ओठावर. लोक अजून टाळ्या वाजवत होते. पडदा पडल्यावर मी कडी काढली. एका बोटाने निघाली.

तुमच्या गल्लीतल्या पोरांना तुझा डोळा फुटल्याचं पाच मिनिटांत कळलं. खुर्च्या उचलल्या गेल्या, एकाने मांडवाचा बांबू उपटला. त्या संध्याकाळी नक्की कोणीतरी मेलं असतं. तू एका हाताने डोळा दाबून उभा राहिलास, बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि म्हणालास, खेळताना लागलं. माझीच चूक, मी वळलो. हॉस्पिटलात पोलिस आला त्यालाही तेच सांगितलंस. मी तुझ्या पायाशी उभा राहून भर घातली, दरवाजा फुगला होता, अपघात झाला. तू उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस. हो, फुगला होता.

तुझ्या त्या एका वाक्यावर विलय टिकला. आजही लष्करात आपला एकच गणपती बसतो. पंचवीस वर्षं तू पाट उचलायला पुढे होतास, आणि आमच्याकडच्या पंगतीत तुझ्या शेजारची जागा बरीच वर्षं शेवटी भरायची. तू ते हसण्यावारी न्यायचास. वेल्डिंगला एक डोळा मिटावाच लागतो, देवाने माझं काम सोपं केलं, असं गिऱ्हाइकांना सांगायचास. एकदा दारू प्यालेला नंदूदादा भर मंडळात तुला काण्या म्हणाला, तेव्हा तू त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलंस, मग सोडलंस आणि त्याचा शर्ट नीट केलास. त्याची माफी मात्र तू कधी मागितली नाहीस. त्या संध्याकाळनंतर मागण्यासारखं काही उरलं नव्हतं असं मी समजायचो.

सिटी सेंटर वस्तीत आम्ही घर बांधलं तेव्हा फाटक तूच केलंस. स्वतः बसवलंस, कडी दोनदा लावून काढून दाखवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "लोखंड आहे, पंत. फुगणार नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. निदान थोडं. मी चहा आणतो म्हणून आत गेलो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. बाहेर आलो तेव्हा तू ओवीला वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर धरून सूर्य दाखवत होतास.

दरवेळी भेटलास की विचारायचास, सापडला का तो भाग? मुलीला सांग शोधायला, आता सगळं मिळतं. दोन महिन्यांपूर्वी ओवीला तो सापडला. जपानी आवाजात, खाली इंग्रजी अक्षरं. मी एकट्याने पाहिला. खंडू, दरवाजा उघडतो. राजवाड्यातून हुकूम येतो की उघडू नका, आणि तो पहारेकरी, पोरगाच, लटलट कापत कडी काढतो. कालपंख पाठीत चार बाण घेऊन आत पडतो. मरत नाही. पुढचे सगळे भाग तो किल्ल्यातच असतो, लाकडं फोडतो, विहिरीचा बर्फ काढतो. कोणी त्याच्याशी फार बोलत नाही. एकदोघं शेवटपर्यंत त्याच्याकडे बघून थुंकतात. पण तो आत असतो.

तू बरोबर होतास. मी फोन उचलला आणि ठेवला. तुला हे सांगायचं तर दुसरंही सांगावं लागणार होतं. तू नंतर दोनदा विचारलंस. मी म्हटलं, नाही रे, सापडला नाही.

मग झाशी रोडवर डावीकडच्या गल्लीतून ट्रक आला. तुझ्या मोटारसायकलचं काय झालं होतं ते मी पाहिलं, तुझंही पाहिलं, ओळख पटवायला मीच गेलो होतो. उजवी बाजू शाबूत होती. मी तुझ्या बायकोला, मीनल वहिनींना, म्हटलं, त्या बाजूचं त्याला दिसलं नसणार. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, ते मोबाइलवर बोलत होते. दोन डोळे असते तरी गेले असते." त्यांनी मला सोडवायला म्हटलं की तेच खरं, मला ठाऊक नाही. मला सुटका नको होती.

परवा रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. भिंतीशी तुझा फोटो, खाली तुझी तालमीतली काठी. अध्यक्षांच्या खुर्चीत नंदूदादा. एकेक जण उठून बोलला, दोघांनी अपघात हा शब्द वापरला. मग मी उठलो आणि म्हटलं, तो अपघात नव्हता. काठ्या बदलल्या होत्या. मला पाच वाजल्यापासून माहीत होतं.

"श्री, बैठ जा," नंदूदादा खालच्या आवाजात म्हणाला. "ये टाइम है क्या?"

तुमच्या गल्लीतले दोघे उठले. एकाने माझी कॉलर धरली, शर्टाचं बटण तुटून फरशीवर पडलं. मी हात खालीच ठेवले. तेव्हा जिजी बोलल्या. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, पण हे आलं होतं. त्यांनी त्या पोराला हाताने बाजूला केलं आणि मला विचारलं, "तुला दिसत होता तो? दारातून?"

मी म्हटलं, दिसत होता. फटीतून. त्याने मला नावाने हाक मारली होती.

नंदूदादा खुर्चीतून उठला, बाहेर गेला नाही, आपला डावा हात उजव्या हातात धरून भिंतीशी उभा राहिला. मीनल वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत आता सुटका नव्हती. मी तुझ्या फोटोसमोर आलो. तुझी काठी उचलून आडवी ठेवावी असं मनात आलं. पण ती आडवी ठेवली की समोरच्याने हात उचलायचा नसतो, आणि ती सवलत घ्यायला मी आलो नव्हतो. मी ती होती तशीच राहू दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, खंडू, दरवाजा फुगला नव्हता. कार्टूनमधला उघडला, माझा उघडला नाही. तू काठी ठेवलीस, मी कडी धरून ठेवली, आणि तुझा डोळा जाताना बघत राहिलो. माझं चुकलं. मला माफ कर.